चिरलेला खजूर, वाटलेला खजूर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि त्या दिवसापासून लंडनमध्ये पाचच्या आतच दिवेलागण होते. दिवाळी कधी या रविवारच्या अलीकडे येते, कधी पलीकडे. हॅरोमध्ये भाड्याने घेतलेल्या एका सभागृहात आम्ही पंधरा-वीस मराठी कुटुंबं फराळाला जमतो. चकल्या कुणाकडच्या, अनारसे कुणाकडचे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. टेबलाच्या अगदी टोकाला एक काळपट, ओबडधोबड केक असतो. तो माझा. खजूर, बेदाणे, सफरचंद, केळं, अक्रोड आणि बदाम यांचा. ताटली घेऊन तिथवर पोचलेला जवळजवळ प्रत्येक जण, विशेषतः पन्नाशी उलटलेला, एकच प्रश्न विचारतो, "बिनसाखरेचा ना?"

चार वर्षं मी बेधडक "हो" म्हणत आलो. गेल्या दिवाळीत, जेवणाआधी इन्सुलिन घेणारे एक काका त्या "हो"च्या भरवशावर तिसरा तुकडा उचलताना दिसले. त्या रात्री घरी येऊन मी वजनकाटा काढला आणि कागदावर हिशेब मांडला.

खजूर 200 ग्रॅम. त्यात दोन तृतीयांश साखरच असते, म्हणजे सुमारे 130 ग्रॅम. बेदाणे 100 ग्रॅम, त्यात साठेक ग्रॅम. एक मोठं सफरचंद आणि एक पिकलेलं केळं मिळून पंचवीस-सत्तावीस. बेरीज 215च्या पुढे गेली. आता इंग्रजांचा घरोघरचा व्हिक्टोरिया स्पंज घ्या. चार अंडी, आणि अंड्यांच्या वजनाइतकंच लोणी, तेवढंच पीठ, तेवढीच साखर, असं त्याचं सोपं गणित. साखर साधारण 225 ग्रॅम. म्हणजे चार वर्षं ज्याला मी बिनसाखरेचा म्हणत होतो, त्यात आणि साखरेच्या केकमध्ये दोन चमच्यांचा फरक होता.

मग मी खोटं बोलत होतो का? याचं उत्तर शोधायला गेलो, तर ते केकच्या साच्यात मावेना.

*

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. थंडीत गुऱ्हाळं पेटली की काहिलीचा वास अख्ख्या शिवारावर पसरतो, आणि गरम काकवी चपातीबरोबर खाताना कुणी ग्रॅम मोजत नाही. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आईने फोनवर ते घरचं कार्य असल्यासारखं सांगितलं होतं. त्यामुळे माझा पहिला केक बघून तिचा पहिला प्रश्न असा होता, "गूळ घातला असतास तर काय बिघडलं असतं?"

चवीचं काहीच बिघडलं नसतं. आपल्या कोकणात आणि गोव्यात जून काकडी किसून, रवा आणि गूळ घालून धोंडस किंवा तवसाळी करतात. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे, आणि मध्ये मंद आचेवर भाजला जाणारा गोड ठोकळा. ओव्हन घरात येण्याच्या कितीतरी आधीचा तो आपला केकच. पण आईला मधुमेह आहे. आणि शरीरासाठी गूळ म्हणजे रंग, वास आणि थोडी खनिजं असलेली साखरच. ब्रिटनची आरोग्यसेवा ज्याला 'मुक्त साखर' म्हणते त्या यादीत पांढरी साखर, गूळ, मध आणि पाक एकाच ओळीत बसतात. 2015 साली इथल्या पोषणविषयक वैज्ञानिक सल्लागार समितीने सांगितलं की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी 5 टक्क्यांहून जास्त या मुक्त साखरेतून येऊ नयेत. मोठ्या माणसासाठी हे दिवसाला 30 ग्रॅम होतात, साखरेचे सात चौकोनी खडे. व्हिक्टोरिया स्पंजचे बारा तुकडे केले, तर एका तुकड्यात यातले 19 ग्रॅम संपतात. मधला जॅम वेगळा.

या व्याख्येतली एक गंमत मात्र मला उशिरा कळली. अख्ख्या फळातली साखर मुक्त धरत नाहीत. सुकवलेल्या फळातलीही नाही. पण तेच फळ वाटून त्याचा लगदा केला, गर केला किंवा रस काढला, की त्यातली साखर मुक्त. कारण फळाच्या पेशींच्या भिंती तुटतात, आत बांधलेली साखर मोकळी होते, आणि जी चावत चावत पोटात जायची ती गिळली जाते. म्हणजे खजूर चिरला तर फळ, आणि मिक्सरमधून काढला तर साखर. मी चारही वर्षं सगळा खजूर मिक्सरमधून काढत होतो.

*

ज्या देशाने जगाला दुधासाखरेचा चहा प्यायला शिकवलं, त्याच देशात साखर सोडण्याची परंपराही जुनी आहे. पहिल्यांदा ती सोडली गेली ती तब्येतीसाठी नव्हे, लाजेपोटी.

1791च्या एप्रिलमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा खासदार विल्बरफोर्सचा ठराव ब्रिटिश संसदेने फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स नावाच्या माणसाने एक पत्रक काढलं आणि वेस्ट इंडिजची साखर आणि रम वर्ज्य करा, असं लोकांना सांगितलं. त्याने मांडलेला हिशेब अंगावर येणारा होता. आठवड्याला पाच पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबाने ती एकवीस महिने सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल. गुलामीविरोधी चळवळीतल्या थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी साखर टाकली. पुढे 1820च्या दशकात लेस्टरमध्ये एलिझाबेथ हेरिक आणि सुझाना वॉट्स घरोघर जाऊन बायकांना हेच पटवत होत्या. आज ज्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे बघायला हजारो लोक लोटतात आणि मिठाईच्या दुकानांपुढे रांगा लागतात, तेच हे शहर.

साखर सोडवत नाही अशांसाठी बाजारात तोडगाही आला होता. साखरेच्या चिनी मातीच्या भांड्यांवर अक्षरं असत, ही साखर ईस्ट इंडियाची, गुलामांनी केलेली नाही. म्हणजे आपल्याकडची. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली आपला शेतकरी कसा राबतो, हे भांड्यावर लिहिलेलं नसे.

1833 साली कायद्याने गुलामी संपवली. पण ऊस कापायला हात लागतच होते. 1834 पासून करारबद्ध मजुरांची जहाजं हिंदुस्थानातून मॉरिशसला जाऊ लागली. त्यात मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात, गणपती बसवतात. त्यांच्या बेटाची साखर पुढे पिढ्यान्‌पिढ्या लंडनच्या गोदीत उतरत राहिली. थेम्सच्या काठी सिल्व्हरटाउनला हेन्री टेटने 1878 साली सुरू केलेला साखर शुद्धीकरणाचा कारखाना अजून उभा आहे. टेट गॅलरीतली चित्रं बघायला जाणाऱ्या पाहुण्यांना मी आवर्जून सांगतो की हे नाव साखरेच्या खड्यांचं आहे. 'शर्करा' हा शब्द फारसी, अरबी असा फिरत फिरत इंग्रजीत 'शुगर' झाला. माल गेला, नाव गेलं, आणि शेवटी माणसंही गेली.

दुसऱ्यांदा साखर सुटली ती युद्धाने. 8 जानेवारी 1940 रोजी साखर, लोणी आणि बेकन यांचं रेशन सुरू झालं. साखरेचं प्रमाण बदलत असे, पण बराच काळ ते माणशी आठवड्याला आठ औंस, म्हणजे सुमारे 225 ग्रॅम होतं. माझ्या एका केकमधली साखर साधारण तेवढीच आहे. ज्याला मी 'हलका' केक म्हणत होतो, त्यात एका माणसाचं आठवड्याचं रेशन होतं.

1940च्या उन्हाळ्यापासून केकवर साखरेचं आइसिंग करायला बंदी आली. मग लग्नात छोट्याशा साध्या केकवर पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा पांढराशुभ्र, नक्षीदार टोप ठेवायचे. तो बेकरीतून भाड्याने मिळे. फोटो काढून झाला की टोप उचलायचा आणि खालचा केक कापायचा. अन्नमंत्रालय गाजराचे गोडवे गायचं. पुडिंगमध्ये गाजर, केकमध्ये गाजर, आइस्क्रीमऐवजी मुलांच्या हातात काडीला टोचलेलं गाजर. आपल्याला गाजराच्या गोडाचं कौतुक वाटायचं कारण नाही, पण हलव्यात आपण साखर घालतोच. त्यांना गाजराकडूनच साखरेचं काम करून घ्यायचं होतं. मनुका-बेदाणेही पुढे पॉइंटच्या रेशनवर गेले, तेव्हा फळाचा गोडवाही मोजूनमापूनच मिळायचा.

महाराष्ट्र मंडळ लंडनची स्थापना 1932 सालची. साखरेचं रेशन उठलं 27 सप्टेंबर 1953 रोजी. म्हणजे तोपर्यंतच्या मंडळाच्या दिवाळ्यांपैकी निम्म्याहून जास्त रेशनच्या साखरेतच पार पडल्या. तेव्हा इथल्या मराठी घरात कुणी शंकरपाळ्यांचा घाट घातला असेल, तर त्यासाठी किती आठवडे बिनसाखरेचा चहा प्यायला लागला असेल, याचा विचार मी करंज्यांचं ताट बघताना हटकून करतो.

*

तिसऱ्यांदा साखर सोडायची वेळ आली ती देहामुळे. आणि या गोष्टीत आपण मराठी माणसं प्रेक्षक नाही, अगदी मध्यभागी आहोत.

रेशन उठलं आणि ब्रिटनमध्ये माणशी साखरेचं खाणं थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झालं, दिवसाला चाळीसेक ग्रॅमवरून ऐंशीच्या घरात. म्हणजे नकळत एक प्रयोगच झाला. काही मुलं रेशन असताना पोटात आली, काही ते उठल्यावर. 2024 साली 'सायन्स' या नियतकालिकात या मुलांचा, म्हणजे आताच्या सत्तरीतल्या माणसांचा, अभ्यास प्रसिद्ध झाला. आईच्या पोटातले दिवस धरून पहिले हजार दिवस ज्यांना साखर मोजून मिळाली, त्यांच्यात टाइप 2 मधुमेहाचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे 20 टक्क्यांनी कमी निघाला.

हे वाचलं आणि पुण्याची आठवण झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. ती बाळं त्यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. पुण्याचं बाळ सरासरी 2.7 किलोचं, साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. आपलं बाळ सगळीकडून बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखून असलेलं. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचं. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारी उभं राहून काढलेला स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. (साखरेविरुद्ध 1972 साली 'प्युअर, व्हाइट अँड डेडली' लिहिणारे प्राध्यापक जॉन युडकिन वेगळे. दोघांची गल्लत नेहमी होते.)

म्हणूनच इथले डॉक्टर दक्षिण आशियाई माणसाचा बीएमआय 23 झाला की सावध होतात, गोऱ्या माणसासाठी ही रेघ 25 आहे. टाइप 2 मधुमेह आपल्याला दुप्पट ते चौपट गाठतो, आणि लवकर गाठतो. माझ्या सभागृहातला "बिनसाखरेचा ना?" हा प्रश्न नुसत्या पथ्याचा नाही. त्यामागे या देशात आलेल्या आपल्या दोन पिढ्यांची शुगर तपासणी उभी आहे.

*

तर मग केक. साखर काढली की केकमधून नुसता गोडवा जात नाही. लोण्याबरोबर साखर फेटताना तिचे कण लोण्यात हवा भरत जातात, आणि तीच हवा ओव्हनमध्ये केक फुलवते. साखर पाणी धरून ठेवते, पिठातला चिवटपणा वाढू देत नाही, म्हणून केक मऊ राहतो. रंगही तीच आणते आणि केक टिकवतेही तीच. यातलं प्रत्येक काम कुणाकडे तरी सोपवावं लागतं. माझा पहिला केक नुसत्या केळ्यांचा होता. बाहेरून करपला, आतून ओला, आणि खाताना रबर.

सध्या माझं प्रमाण असं आहे. खजूर 200 ग्रॅम, बिया काढून. 150 मिलिलिटर कडकडीत गरम कोरा चहा आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा त्यावर ओतून वीस मिनिटं झाकून ठेवायचा. फळं चहात भिजवायची ही रीत इथलीच. वेल्समधला 'बारा ब्रिथ' म्हणजे ठिपक्यांचा पाव, आणि यॉर्कशरचा टी लोफ, दोन्ही अशा चहाने फुगलेल्या बेदाण्यांवर उभे आहेत. सोड्याने खजुराची साल विरघळते, सफरचंदाचा आंबटपणा मरतो आणि रंग गडद होतो. इंग्रजांचं लाडकं स्टिकी टॉफी पुडिंगही खजुराला हाच सोडा लावून सुरू होतं. मग मात्र त्यावर साखरेचा पाक ओततात.

त्यात एक ब्रॅम्ली सफरचंद सालीसकट किसून. इंग्लंडचं हे खास स्वयंपाकाचं सफरचंद नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावचं. मेरी अॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने 1809 साली पेरलेल्या बियांतून ते झाड आलं, पण नाव लागलं ते पुढे घर विकत घेणाऱ्या ब्रॅम्ली नावाच्या खाटकाचं. ते इतकं आंबट की नुसतं खाववत नाही, पण आचेवर ते कापसासारखं फुटतं आणि केकमध्ये ओल धरून ठेवतं. शिवाय बेदाणे 100 ग्रॅम, एक पिकलेलं केळं कुस्करून, तीन अंडी, 75 ग्रॅम वितळलेलं लोणी, 150 ग्रॅम कणीक, 100 ग्रॅम बदामाची पूड, दोन चमचे बेकिंग पावडर. अक्रोड 100 ग्रॅम, आधी ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटं भाजून, म्हणजे सालीचा तुरटपणा जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केंटचे कॉबनट, म्हणजे तिथले ताजे हेझलनट, बाजारात येतात. ते मिळाले तर अर्धे अक्रोड काढून ते घालतो. वेलदोडा, दालचिनी आणि संत्र्याची किसलेली साल.

हवा भरायला साखर नाही, म्हणून अंडीच पाच मिनिटं फेटायची. बदामाच्या पुडीत अर्धी चरबीच असते, तीही चिवटपणाला आवर घालते. वीस सेंटिमीटरच्या खोल गोल साच्यात, 160 अंशांवर तासभर तरी. याहून जास्त आच नको, कारण फळांतली साखर पांढऱ्या साखरेपेक्षा लवकर करपते. आणि हा केक टिकाऊ नाही. नाताळचा केक दोन महिने राहतो, हा तिसऱ्या दिवशी बुरशी धरू लागतो. उरला तर तुकडे करून फ्रीझरमध्ये.

हिशेब मांडल्यावर मी एकच गोष्ट बदलली. 200 ग्रॅम खजुरातला 150 ग्रॅम आता सुरीने चिरतो, फक्त 50 ग्रॅम काट्याने ठेचतो. एकूण साखर तेवढीच राहिली. पण इथल्या व्याख्येप्रमाणे मुक्त धरली जाणारी खजुराची साखर 130 ग्रॅमवरून तेहतीसवर आली. केक थोडा भुसभुशीत झाला, कापताना चुरा पडतो, आणि गोडवा सगळीकडे सारखा न लागता घासागणिक कुठे कुठे भेटतो. चावावं लागतं. दुसरा तुकडा उचलायला लोक थांबतात, आणि ही गोष्ट मला त्या व्याख्येपेक्षा महत्त्वाची वाटते. कारण रक्ताला व्याख्या वाचता येत नाही. चिरलेला खजूरही पोटात जाऊन साखरच होतो, फक्त रमतगमत. दाताला चिकटतो, म्हणून इथले दंतवैद्य सुका मेवा जेवणाबरोबरच खा म्हणतात.

*

माझी मुलगी तीन महिन्यांची असताना आई इथे आली होती. सामानात साडीत गुंडाळलेली सहाण होती, विमानतळावर तिचं वजन बघून मी कपाळाला हात लावला होता. रोज सकाळी बाळगुटी. खारकेचे दोन वेढे, बदामाचा एक, जेष्ठमध, हळकुंड. मध तिने घातला नाही. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका, असं इथली नर्स सांगून गेली होती आणि आईने ते बिनतक्रार ऐकलं. बाळाला गुटी मुळात द्यावी का, यावर इथल्या डॉक्टरांचं मत वेगळं आहे, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. मला आठवतो तो फक्त आईचा हात. खारीक सहाणेवर दोनदा फिरायची आणि थांबायची. तिसरा वेढा का नाही, असं विचारलं तर म्हणाली, "गोडाची ओळख करून द्यायची असते. पोट भरायचं नसतं."

यंदा केकबरोबर एक चिठ्ठी ठेवायचं ठरवलंय. 'बिनसाखरेचा' हा शब्द काढून टाकला. लिहिलं, "यात वेगळी साखर घातलेली नाही. खजूर, बेदाणे, केळं आणि सफरचंदात आहे ती भरपूर आहे. मधुमेह असेल तर बेतानेच." व्हिडिओ कॉलवर आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा वर करून चिठ्ठी बघितली, मग मागे टेबलावरचा केक बघितला.

"एवढं लिहीत बसण्यापेक्षा," ती म्हणाली, "तुकडे बारीक काप."